आईच्या खांद्यावरचा बर्फ

१

अम्मानमध्ये हिवाळा लागला की लोक आभाळाकडे नंतर बघतात, आधी फोनकडे बघतात. हवामानवाले सांगतात, परवा बर्फ. मग बेकरीसमोर रांगा लागतात, गॅसच्या सिलिंडरसाठी धावाधाव होते, शाळेतल्या मुलींचं फळ्यावरचं लक्ष उडतं. आणि परवा उजाडला की नुसता चिखल करणारा पाऊस. इख्लास या शहरात राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात हेच चाललं होतं. एकदा म्हणे खरोखर पडला होता, चांगला ढोपरभर. पण तेव्हा ती नेमकी मुलींची सहल घेऊन अकाबाच्या समुद्रावर गेली होती. परतली तेव्हा गच्चीवरच्या टाकीमागे मूठभर काळपट लगदा शिल्लक होता. तो तिने बोटाने हलवून पाहिला आणि कोणाला काही न सांगता खाली आली.

इख्लास मूळची सुदानमधल्या अतबाराची. नाईलकाठचं रेल्वेचं गाव. उन्हाळ्यात दाराच्या कडीला हात लावायचा तर पदर गुंडाळून लावायचा. तिथून एकटी निघालेली ही मुलगी आज अम्मानच्या एका नावाजलेल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती, लुवैब्देच्या टेकडीवर तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या नावावर भाड्याचं घर घेऊन राहत होती, आणि याचा तिला अभिमान होता. तो ती लपवतही नसे.

फक्त एका बाबतीत या शहराने तिला खोटं पाडलं होतं. गावी फोन केला की ती आईला सांगायची, "यूम्मा, तू ये. मी तुला बर्फ दाखवते." आणि आई, हाज्जा सित्तना, हसून म्हणायची, "तुझा तो बर्फ पडायचा झाला की कळव. मी आलेच समज."

मग सुदानमध्ये लढाई पेटली. अतबाराचे फोन मुके झाले. तिकडून सुटून येणाऱ्या प्रत्येकाला इख्लास आईबद्दल विचारत राहिली, पण कोणालाच काही ठाऊक नव्हतं. आणि थंडीच्या तोंडाशी एका सकाळी बसतळावरून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला. एक सुदानी म्हातारी बाकावर बसली आहे, तुमचं नाव सांगते आहे.

इख्लास चपला उलट्यासुलट्या घालून धावली. आई बाकावर ताठ बसली होती. डोक्यापासून घोट्यापर्यंत लपेटलेला पांढरा तोब, हातात काही नाही. वाळवंट, दोन सरहद्दी आणि समुद्र ओलांडून आलेली बाई, पण तोबवर धुळीचा एक डाग नव्हता. इख्लासला त्या वेळी त्याचं कौतुकच वाटलं. आमची आई आहेच तशी, टापटिपीची.

"आलीस कशी यूम्मा?"

"आले," आई म्हणाली. "वाटेत चांगली माणसं भेटली."

यापुढे त्या प्रवासाबद्दल ती कधी बोलली नाही आणि इख्लासने विचारलं नाही.

२

तो दिवस उजाडला तेव्हा हवामानवाल्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. दुपारी वर्गात पेशीच्या भिंतीबद्दल बोलता बोलता इख्लासने खिडकीबाहेर पाहिलं, आणि मुलींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून माना वळवल्या. मग कोणी कोणाचं ऐकणं शक्यच नव्हतं. शाळा सोडून दिली. इख्लास बेकरीच्या रांगेत उभी राहिली, दोघींपुरत्या गरम रोट्या कोटाखाली धरल्या आणि टेकडीच्या पायऱ्या एका दमात चढली. डोक्यावर, भुवयांवर, जिभेच्या टोकावर बर्फ. जणू तो तिनेच मागवला होता आणि आता पोहोचता करायला निघाली होती.

जिन्यात घरमालकीण उम्म लबीब भेटल्या. हातात वाडगा, खाकेत बर्फावर ओतून खायच्या द्राक्षांच्या काकवीची बाटली.

"आलीस? मी म्हटलं, आमची सुदानी मास्तरीण कुठेतरी गोठून बसली. तुमच्याकडे बर्फ सरबतात असतो ना, आभाळातला तुम्हाला सोसायचा नाही."

"तुमच्या आभाळाने इतकी वर्षं मला आईसमोर खोटं पाडलंय, उम्म लबीब. आज त्याचा हिशेब चुकता होऊ दे. आई कुठे आहे?"

"वर गच्चीवर. तुझी आई सगळ्यांच्या आधी गेली. पहिला कण पडायच्याही आधी. मी विचारलं, हाज्जा, कुठे? तर म्हणाल्या, पडेल आता."

गच्चीवर सारी इमारत लोटली होती. पाण्याच्या टाक्या, अँटेना, वाळत घालायच्या दोऱ्या, सगळ्यांना पांढऱ्या टोप्या चढल्या होत्या. समोरच्या टेकड्यांवरची चुनखडीची घरं एकेक करत पुसली जात होती. आणि कठड्याशी आई उभी होती.

"हा बघ, यूम्मा," इख्लास धापा टाकत म्हणाली. "म्हटलं होतं ना?"

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पडला एकदाचा."

तिने तळहात पुढे केला. त्यावर एक कण येऊन बसला. इख्लास वाट पाहत होती तो विरघळण्याची. तळहातावर तो कसा क्षणात पाणी होतो आणि आईला कसा धक्का बसतो ते तिला बघायचं होतं. पण तो कण होता तसा राहिला, अगदी बारीक नक्षीसकट. त्यावर दुसरा बसला. मग तिसरा. थोड्या वेळात आईच्या तळहातावर मिठासारखी लहानशी रास झाली.

"अगं बाई, हे बघा तरी," उम्म लबीब ओरडल्या. सगळे जमले. प्रत्येकाने हात पुढे करून पाहिला. सगळ्यांच्या हातात पाणी.

"माझ्याकडे टिकतो," आई म्हणाली. गावी लग्नघरी तिचा शब्द चालायचा तेव्हा ती अशीच बोलायची.

"हाज्जा, आम्ही जन्मलो इथे, म्हातारे झालो इथे, आणि आमच्याशी हा असा वागतो. तुमच्यावर भारीच लोभ दिसतोय त्याचा," उम्म लबीब म्हणाल्या.

सगळे हसले. इख्लासही हसली. तिची छाती अभिमानाने भरून आली होती. अतबाराची म्हातारी, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणारी, आणि साऱ्या अम्मानकरांना मागे टाकते.

मग तिचं लक्ष आईच्या खालच्या ओठाकडे गेलं. तिथे एक कण अडकला होता. आई बोलत होती, हसत होती, आणि तो कण ओठावर तसाच होता.

३

घरात आल्यावर इख्लासने हॉलमधली केरोसीनची शेगडी पेटवली, तिच्यावर चेस्टनट भाजायला ठेवले आणि आईची खुर्ची जवळ ओढली.

म्हाताऱ्या माणसांचे हात गार असतात. रक्त टोकापर्यंत पोहोचत नाही. थायरॉईडचा आजार असला तर त्वचा थंड पडते. आणि बाहेर इतकी थंडी होती की तळहात थोडा गार असेल तर कण टिकणं अशक्य नाही. इख्लास भांडी काढताना हे सगळं मनातल्या मनात फळ्यावर लिहीत गेली. मुद्दे बरोबर होते. ओठाचा मुद्दा मात्र कुठेच बसेना.

ती वळली. आई शेगडीशेजारी बसली होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर बर्फ होता.

चेस्टनटच्या साली तडकत होत्या. इख्लासच्या स्वतःच्या कोटाचं टपटप पाणी दारामागे साचलं होतं. आईच्या खांद्यांवर मात्र बोटभर जाडीचा पांढरा थर शाबूत होता, झटकायचं राहून गेल्यासारखा.

इख्लास पुढे झाली आणि तिने हलक्या हाताने तो झटकला. थर खाली पडला. फरशीला लागायच्या आत त्याचं पाणी झालं होतं.

"राहू द्यायचा होतास," आई म्हणाली. मग तिने खुर्ची उचलली आणि शेगडीपासून लांब, खिडकीजवळ नेऊन ठेवली. "तुझी ही भट्टी मला सोसत नाही गं. चांगली आहे, पण नको."

इख्लासने फरशी पुसायला घेतली. गुडघ्यावर बसून पुसताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली. आईने आल्या दिवशीच मागची, उन्हाचं तोंड न पाहणारी खोली मागून घेतली होती. तिथे शेगडी लावू दिली नव्हती. सकाळी तिच्या उशाशी ठेवलेला मरव्याचा चहा संध्याकाळी तसाच भरलेला सापडायचा, वर तवंग धरून. विचारलं की म्हणायची, घेतला की. लढाईतून आलेल्या माणसाचं असंच होतं, इख्लासने स्वतःला समजावलं होतं. भूक मरते. झोप मरते. ती शाळेत सगळ्यांना अभिमानाने सांगायची, माझी आई त्या आगीतून एकटी चालत आली.

फोन वाजला. इख्लासने हात पुसून पाहिलं. अतबाराचा नंबर. तिजानी मामा, आईचा धाकटा भाऊ. किती महिन्यांनी तिकडची लाइन सुरू झाली होती.

"यूम्मा, मामाचा फोन."

आई खिडकीबाहेर बघत होती. "आत्ता नको."

"अगं, इतक्या दिवसांनी लागलाय. त्याला कळवायला नको, तू सुखरूप आहेस म्हणून?"

"उद्या बोल. आज बर्फ बघू दे मला."

फोन वाजत राहिला. इख्लासला तो उचलता आला असता. तिने तो टेबलावर पालथा ठेवला आणि तो थांबेपर्यंत फरशीच पुसत राहिली. फरशी केव्हाच कोरडी झाली होती.

४

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला वीज गेली. बर्फाने तारा वाकल्या असणार. त्याबरोबर शहराचा सगळा आवाज बुडाला. फ्रिजची गुरगुर, खालच्या मजल्यावरचा टीव्ही, उतारावरून जाणाऱ्या गाड्या, सगळं. इख्लास स्वयंपाकघरात मसुराचं सूप ढवळत होती. पळीचा आवाज तिला फार मोठा वाटला म्हणून तिने ढवळणं थांबवलं.

तेव्हा तिला आईचं बोलणं ऐकू आलं.

"थांबा की जरा. पोरगी आत्ता तर घरी आलीय."

मग थोडा वेळ काही नाही. समोरचा बोलून घेईतो थांबावं, तेवढं.

"हो, हो. तुम्हालाही दाखवीन. मी काय पळून चाललेय?"

इख्लास हॉलमध्ये आली. खिडकी उघडी होती. आई कठड्यावर हात ठेवून खाली गल्लीकडे बघत होती. इख्लास तिच्या शेजारी जाऊन वाकली. गल्ली रिकामी होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी, वर निळसर उजेड. एकही माणूस नाही, मांजरसुद्धा नाही.

"कोणाशी बोलत होतीस?"

"माझ्याबरोबर आलेली माणसं. वाटेत भेटलेली. सांगितलं नव्हतं का तुला?"

"कुठे आहेत?"

"गेली पुढे," आई म्हणाली. "समजूतदार आहेत. घाई करत नाहीत."

इख्लासने खिडकी लावली नाही. ती आईसमोर स्टुलावर बसली. आई बोलायला लागली, अतबाराच्या गोष्टी, रेल्वेच्या वसाहतीतल्या, इख्लासच्या वडिलांनी एकदा इंजिनाच्या वाफेवर अंडी उकडली होती ती गोष्ट. इख्लासला ती पाठ होती, तरी ती हसली. हसताना तिच्या तोंडातून वाफेचा ढग बाहेर पडला आणि दोघींच्या मधे तरंगत विरला. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

आई बोलत होती. ओठ हलत होते, शब्द येत होते, मोठ्याने हसणंसुद्धा येत होतं. तिच्या तोंडापुढची हवा स्वच्छ होती.

कोरडी हवा, इख्लासने मनात म्हटलं. आई खिडकीच्या जवळ आहे, वाफ बाहेर जात असेल. विज्ञानाच्या बाईंना आणखी एक कारण सापडलं असतं, पण तिने ते शोधलं नाही.

"थंडी वाजतेय का तुला यूम्मा?" तिने विचारलं.

"नाही गं. उलट आज कुठे बरं वाटतंय. ती शेगडी तेवढी..."

इख्लास उठली आणि तिने शेगडी विझवली. कोट चढवला, त्यावर गोधडी घेतली आणि पुन्हा आईसमोर येऊन बसली. आईने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाड होता, आणि आपलं काम आता सोपं होणार असं ओळखलेल्या माणसाचा सुस्कारा.

"शहाणी आहेस," ती म्हणाली.

५

सकाळी ऊन पडलं. समोरच्या सगळ्या टेकड्या झगझगत होत्या आणि पन्हळींतून पाणी ठिबकायला लागलं होतं. तो ठिबकण्याचा आवाज इख्लासला सहन होईना. इतकी वर्षं ज्या बर्फाची वाट पाहिली तो आता एका टपटपीत चालला होता, आणि आई सकाळपासून उठून बसली होती, तोब नीट लपेटून, पाहुणीसारखी.

फोन वाजला. या वेळी आई काही बोलली नाही. इख्लासने उचलला.

"इख्लास? पोरी, तूच ना? देवाची कृपा, लाइन लागली." तिजानी मामाचा आवाज म्हातारा झाला होता. मागे कोंबडा आरवत होता. "किती महिने झाले गं, कोणाजवळ निरोप धाडायचीही सोय नव्हती. ऐक, बसली आहेस का? तुझ्या आईचं..."

"आई माझ्याजवळ आहे, मामा."

"काय म्हणालीस?"

"थंडीच्या तोंडाशीच आली. छान आहे. इथे बर्फ पडलाय, मामा. मी तिला दाखवला. दाखवीन म्हणाले होते, दाखवला."

तिचा आवाज ताठ होता. तक्रार घेऊन आलेल्या पालकांना वाक्य पुरं करू द्यायचं नसलं की ती याच आवाजात बोलायची.

पलीकडे कोंबडा पुन्हा आरवला. मग मामाने हळूच विचारलं, "अंगावर कुठला तोब आहे तिच्या?"

"पांढरा."

"पांढरा," मामा म्हणाला. "फोन तिला दे."

आईने फोन कानाला लावला. "तिजानी, रडू नको बाबा." मग ती ऐकत राहिली. "हो. ठाऊक आहे मला. तू सगळं नीट केलंस, काही कमी पडू दिलं नाहीस. तसल्या दिवसांत कोण इतकं करतं? नाही, नाही, तुझ्यावर राग कशाला? ते तिला सांगू नकोस. मी इथे आहे तोवर नको."

इख्लास भिंतीला टेकून उभी होती. पाठीला भिंत गार लागत होती आणि ती गार लागतेय याचाच तिला आधार वाटला.

मग आईचा चेहरा उजळला. "अरे, घर बघायला हवंस तू पोरीचं. तिसरा मजला. दारावर तिचं नाव, पितळी अक्षरात. घरमालकीण थट्टा करते पण मानते तिला. आणि बोलली तसं केलं बघ. आपल्या घरात कोण बोलल्यासारखं करतं? तू करतोस?" ती हसली, खिडकीकडे वळून हळू आवाजात आणखी काही बोलली आणि मग तिने फोन इख्लासकडे दिला.

मामाने इख्लासला काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "बर्फ अजून आहे का गं तिकडे?"

"आहे. पण ऊन पडलंय."

"मग वेळ घालवू नकोस. तिला जे बघायचं असेल ते दाखव."

६

आईला शाळा बघायची होती.

"आज बंद आहे, यूम्मा."

"असू दे. इमारत तर दिसेल. माझी मुलगी जिथे शिकवते ते बघितल्याशिवाय कसं चालेल?"

दोघी पायऱ्या उतरल्या. आई सावलीच्या बाजूने चालत होती, जिथे बर्फ अजून टणक होता. इख्लासने तिचा हात धरला होता. हातमोजा घातलेला नव्हता. थोड्याच वेळात तिची बोटं बधिर झाली, मग मनगट. तिने हात सोडला नाही.

सारं शहर रस्त्यावर होतं. बाप्ये बर्फाचे गोळे मारून एकमेकांच्या टोप्या पाडत होते, आजीबाई ताटं घेऊन स्वच्छ बर्फ भरत होत्या. बेकरीवाल्याने दारातून हाक मारली, "मिस इख्लास, आज रोट्या भरपूर आहेत. या हाज्जा कोण?"

"माझी आई."

"मग पोरगी अशी का, ते कळलं. या हाज्जा, मान ताठ ठेवायला आम्हालाही शिकवा."

आई नुसती हसली, पण तिची चाल बदलली. पुढच्या वळणावर एका गॅलरीतून इख्लासच्या वर्गातली लीन ओरडली, "मिस, पैज तुम्ही जिंकलात, पडला बर्फ." एक बाई खास रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, आमच्या मुलीला तुमच्यामुळे विज्ञान आवडायला लागलं. प्रत्येक वेळी इख्लास म्हणाली, ही माझी आई. प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने हात पुढे केला, आईने तो हातात घेतला, आणि त्या माणसाने नंतर नकळत आपला तळवा कोटावर चोळला.

इख्लासने ते पाहिलं. आईच्या खांद्यांवर आज उन्हातसुद्धा पुन्हा पांढरा थर होता, तोही लोक पाहत होते आणि नजर काढून घेत होते. तिला वाटलं आपल्याला लाज वाटेल, निदान भीती तरी वाटेल. भीती होतीच. पण त्या भीतीच्याही वर अभिमान होता. ती आईचा हात धरून भर रस्त्यातून मिरवत चालली होती, आणि आई तिला मिरवत होती. दोघींपैकी कोण कोणाला जास्त, ते सांगणं कठीण होतं.

७

शाळेचं फाटक बंद होतं. पहारेकरी फिक्री आपल्या खोलीतून हातावर फुंकर मारत बाहेर आला.

"मिस, आज कुठे? आत कोणी नाही. काल दुपारी तुम्ही सगळे गेलात तेव्हा कुलूप घातलं, ते अजून काढलेलं नाही. मैदानात अजून पाऊलही पडलेलं नाही, बघवत नाही इतकं सुंदर आहे."

"आईला दाखवायचंय, फिक्री. आलोच आम्ही."

त्याने कुलूप काढलं आणि तो शेगडीकडे परतला.

मैदान खरंच अस्पर्श होतं. या टोकाला ऊन होतं, डोळे दिपवणारं. पलीकडच्या टोकाला उंच भिंत होती आणि तिच्या पायथ्याशी निळी सावली. त्या सावलीत, भिंतीच्या कडेने, पांढरे आकार ओळीने उभे होते. माणसाएवढे. काही जरा उंच, काही लहान, काही इतके लहान की मोठ्यांच्या कुशीत असल्यासारखे.

मुलींनी केलेत वाटतं, इख्लासच्या मनात आलं. बर्फाची माणसं. लगेच फिक्रीचं बोलणं आठवलं. फाटकापासून भिंतीपर्यंत बर्फावर एकही खूण नव्हती.

"खिडक्या किती आहेत गं," आई इमारतीकडे बघत म्हणाली. "यातली तुझी कुठली?"

"वरची. कोपऱ्यातली."

"कोपऱ्यातली. दोन्हीकडून उजेड येत असेल." आईने समाधानाने मान हलवली. मग तिने इख्लासच्या बधिर हातातून आपला हात अलगद सोडवून घेतला आणि तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "तू इथेच थांब. उन्हात."

"यूम्मा, मी येते."

"मी सांगितलं ना. इथे थांब."

शाळकरी वयात त्या आवाजापुढे इख्लासचं कधी चाललं नव्हतं. आजही चाललं नाही.

आई मैदानातून चालत निघाली. तिची पावलं नीट उमटत होती, खोल, एकामागून एक. पांढऱ्यात पांढरी होत होत ती भिंतीच्या सावलीत शिरली. तिथे गेल्यावर ओळीतला एक आकार जरासा सरकला. मग त्याच्या शेजारचाही. त्यांनी आईला जागा करून दिली.

पन्हळींचं पाणी ठिबकत होतं, रस्त्यावर कोणी तरी हसत होतं, आणि तिथे, सावलीत, आई वळून उभी राहिली. तिने हात वर केला आणि इख्लासकडे बोट दाखवलं. ती काय बोलली ते इतक्या लांब ऐकू आलं नाही. ऐकू यायची गरज नव्हती. वाटेवर बेकरीवाल्याला आणि त्या बाईला इख्लास जे सांगत आली होती, तेच आई आता त्यांना सांगत होती, उलट्या बाजूने.

ओळीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या आणि तिच्याकडे पाहिलं.

चेहरे तिला दिसले नाहीत. जिथे चेहरे असतात तिथे नुसता गुळगुळीत बर्फ होता. तरी ते बघत होते, लहानसुद्धा, टाचा उंच करून. हातपाय गाळून बसावं, पाठ फिरवून फाटकाकडे पळावं, फिक्रीला हाक मारावी, हे सगळं तिच्या मनात एकदम आलं.

इख्लासने खांदे मागे घेतले. वर्गात शिरताना घेते तसे. हनुवटी वर केली, हात कोटाच्या खिशात न घालता बाजूला सरळ सोडले, आणि आईने दाखवायला आणलेल्या मुलीने जसं उभं राहावं तशी ती उभी राहिली. ऊन सरकत सरकत भिंतीपाशी पोहोचेपर्यंत, तिथे कोणी दिसेनासं होईपर्यंत, ती तशीच उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते तिने पुसलं नाही, कारण पुसायला हात हलवावा लागला असता.

८

मामाने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"गेली?"

"हो."

"एकटी?"

इख्लास फाटकाबाहेर दगडी कठड्यावर बसली होती. फिक्रीने न विचारता चहाचा पेला तिच्या हातात दिला होता आणि तिची बोटं त्याभोवती हळूहळू जिवंत होत होती.

"नाही," ती म्हणाली. "बरेच जण होते. लहान मुलंही."

मामाने देवाचं नाव घेतलं. मग म्हणाला, "आता सांगू तुला? ती म्हणाली होती, ती आहे तोवर नको. आता..."

"नको, मामा."

"कधी तरी कळायला हवं, पोरी."

"कळेल. आज नको." तिने नाक ओढलं. "मला एवढंच सांग. मघाशी फोनवर माझ्याबद्दल आणखी काय म्हणाली ती? मला ऐकू आलं नाही ते?"

मामा सांगायला लागला. इख्लासने फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि ऐकताना तिची पाठ आपोआप सरळ झाली.